बेळगावातनं मेकॅनिकल करून ऑइल अँड गॅसमध्ये कसा शिरलो

गेल्या सुट्टीत गावी आलो तर चार दिवसांत सहा पोरं घरी येऊन गेली. सगळ्यांचं एकच, दादा तुझ्यासारखं ऑइलमध्ये जायचंय, काय करावं लागतंय. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं म्हणून यावेळी बसून सगळं लिहून काढलंय. लांबलंय, खरं पूर्ण वाचा, कारण यात माझी तीन वर्षं आणि आप्पांचे पैसे गेलेत, तुमचे जायला नकोत.

तेल-गॅस हा प्रकार मी पहिल्यांदा बघितला तो मामाच्या रानात. गोकाक बाजूला मामाचा ऊस आहे, मी दहावीच्या आसपास होतो, तेव्हा दाभोळहून बेंगळुरूला जाणाऱ्या गॅस लाइनचं काम चालू होतं. रानाच्या मधनं चर मारलेला आणि चराच्या कडेनं हे एवढे पाइप एकापुढं एक मांडून ठेवलेले. मामा रोज संध्याकाळी बांधावर उभं राहून बघायचे, त्यांना भीती की रान गेलं. तसं नसतं हे मला लई नंतर कळलं. १९६२ चा एक कायदा आहे, त्यात जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनी फक्त खालून लाइन न्यायचा हक्क घेते, वर ऊस लावा, शाळू लावा, फक्त त्या पट्ट्यात विहीर खणता येत नाही, घर बांधता येत नाही, खोल मुळांची झाडं लावता येत नाहीत. २०१३ मध्ये ती लाइन चालू झाली, मामा अजून त्याच पट्ट्यावर ऊस घेतात.

तर त्या चराच्या कडेला ताडपत्रीच्या तंबूत एक वेल्डर बसायचा आणि त्याच्या मागं एक बारका माणूस, हातात छोटं गेज, प्रत्येक जॉइंटला ते लावून बघायचा आणि खडूनं पाइपवर काहीतरी लिहायचा. तो नको म्हणाला की वेल्डर एवढा जाणता माणूस, पण गप ग्राइंडर उचलायचा. मी घरी येऊन आप्पांना सांगितलेलं की मला तो माणूस व्हायचंय. त्याला क्यूसी इन्स्पेक्टर, म्हणजे कामाचा दर्जा तपासणारा, म्हणतात हे तेव्हा कुणाला माहीत होतं.

२०१८ ला व्हीटीयूची, म्हणजे आपल्या टेक्निकल विद्यापीठाची, मेकॅनिकलची डिग्री हातात आली, टक्के ६१. आमच्या डोक्यात ऑइल म्हणजे ओएनजीसी आणि इंडियन ऑइल, दुसरं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. गेट, म्हणजे सरकारी कंपन्या इंजिनिअर घेताना जिचा स्कोर बघतात ती परीक्षा, दोनदा दिली. नोटिफिकेशन नीट वाचलं तेव्हा कळलं की इंडियन ऑइलला जनरल कॅटेगरीत ६५ टक्के लागत होते, म्हणजे तो दरवाजा मी पाचव्या-सहाव्या सेमला बॅकलॉग काढत बसलो तेव्हाच बंद झालेला. ओएनजीसीला ६० चालत होते खरं तिथं स्कोर पुरला नाही. ज्यांचे टक्के चांगले आहेत त्यांनी गेट मनापासून द्यावी असंच माझं मत आहे, ओएनजीसीत इंजिनिअरच्या सुरुवातीच्या पदाला (ई-१) लागलं की बेसिक ६० हजारांपासून चालू होतो, वर भत्ते, आणि गेटचा स्कोर तीन वर्षं चालतो. एचपीसीएल स्वतःची वेगळी परीक्षाही घेते, तिकडंही लक्ष ठेवा. पण त्यात नाही झालं तर सगळं संपलं असं समजून बसू नका, मी तसं समजून एक वर्ष घालवलं.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती ती म्हणजे अप्रेंटिसशिप. ओएनजीसी, रिफायनऱ्या, सगळे ग्रॅज्युएट अप्रेंटिस घेतात, वर्षभराचं असतं, स्टायपेंड कमी, नोकरीची हमी नाही, पण प्लांटच्या आत जायला मिळतं. ही फ्रेशर पोरांसाठीच असते, म्हणून पास झाल्या झाल्या नाव घालायचं. आणि आपण कर्नाटकात, म्हणून आपलं अप्रेंटिसशिपचं बोर्ड चेन्नईचं, दक्षिण विभागाचं. मी मुंबईच्या बोर्डाची माहिती शोधत बसलो होतो, कारण आपल्याकडं कुठल्याही कामाला पाय आधी कोल्हापूर-पुणे-मुंबईकडंच वळतात.

मग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत लागलो, ९ हजार पगार. सकाळी साडेसातला सायकल... नाही, तोवर आप्पांची जुनी गाडी मिळालेली. तिथं माझं काम कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, तपासायचं, ब्लोहोल, श्रिंकेज, वाळू अडकलेली, तडा. दिवसभर काळ्या धुळीत उभं राहून मला वाटायचं की डिग्री फुकट गेली. तसं नव्हतं, ते पुढं येईलच.

२०१९ मध्ये मी ती चूक केली. एका मोठ्या शहरातली एक संस्था, नाव लिहीत नाही, ऑइल अँड गॅस पाइपिंगचा चार महिन्यांचा डिप्लोमा, फी ८५ हजार. जाहिरातीत लिहिलेलं शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स. त्यातला शेवटचा शब्द मी वाचलाच नाही आणि आप्पांनी पण नाही, त्यांनी सोसायटीतनं कर्ज काढून पैसे दिले. शिकवायला चांगला एकच सर होता, तोही मध्येच सोडून गेला. बाकी पीपीटी, पाइपिंगची चिन्हं पाठ करा, सॉफ्टवेअरवर ड्रॉइंग गिरवा. शेवटी असिस्टन्स म्हणजे तीन इंटरव्ह्यू, त्यातले दोन डेटा एन्ट्रीचे आणि एक कॉल सेंटरचा. आम्ही चाळीस पोरं होतो, विदर्भातली, बिहारची, आपल्याकडची दोघं. त्यातला एकही तिथनं ऑइल अँड गॅसमध्ये गेला नाही. सर्टिफिकेट अजून घरी फायलीत आहे, आजपर्यंत एका कंपनीनंही ते मागितलं नाही.

म्हणून कोणताही कोर्स करायच्या आधी एकच करा, ज्या कंपन्यांत जायचंय त्यांच्या जाहिराती काढा, पन्नास तरी वाचा, त्यात कुठलं सर्टिफिकेट नाव घेऊन मागितलंय ते वहीत लिहा. मी हे लॉकडाऊनमध्ये केलं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत क्रूडचा वायदा शून्याच्या खाली गेला होता, उणे ३७ डॉलर, टीव्हीवर सगळे सांगत होते की हा धंदा बुडाला, आणि मी घरी वही घेऊन जाहिराती उतरवत होतो, आई म्हणायची लोक कामावरनं काढायला लागलेत आणि हा काय लिहीत बसलाय. तेलाचा भाव पडला की कंपन्या पहिलं नवीन माणसं घ्यायचं थांबवतात हे खरंच आहे, या लाइनीत यायचं तर तो चढउतार सोसायची तयारी ठेवावी लागते. पण वहीत एक गोष्ट ठळक दिसत होती. क्यूसी, इन्स्पेक्शन, मेंटेनन्सच्या कामाला जवळजवळ सगळीकडं एनडीटी लेव्हल टू मागितलेलं, आणि थोडा अनुभव असला की सीस्विप ३.१ किंवा एपीआय ५७०, ही वेल्डिंग आणि पाइपिंग तपासणाऱ्यांची सर्टिफिकेटं. पाइपिंग डिप्लोमा कुठंच नाही.

एनडीटी म्हणजे वस्तू न मोडता आत काय दोष आहे ते बघायचं. डोळ्यानं, रंगाच्या डायनं, चुंबकानं, अल्ट्रासॉनिकनं आणि रेडिओग्राफीनं, म्हणजे एक्स-रेसारखी फिल्म काढून. पुण्यात तीन आठवडे राहून मी पाची प्रकार केले, एकूण खर्च राहण्यासकट ४० हजारांच्या आत, फाउंड्रीतले साठवलेले पैसे, आप्पांकडं मागितले नाहीत. यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, हे सर्टिफिकेट एसएनटी-टीसी-१ए या एनडीटीच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे असतं आणि ते खरं तर कंपनीनं आपल्या माणसाला द्यायचं असतं, कंपनी बदलली की नव्या कंपनीनं परत परीक्षा घ्यायची, म्हणून आयुष्यभर चालतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन, रेडिओग्राफीची फिल्म वाचणं वेगळं आणि गामा सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा रेडिओॲक्टिव्ह तुकडा, हाताळणं वेगळं. सोर्स हाताळायला एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमाप्रमाणे वेगळं प्रशिक्षण लागतं, साध्या कोर्सवर कुणी तुम्हाला सोर्सचा कॅमेरा धरायला लावला तर तिथनं निघून या.

जानेवारी २०२१ ला पहिली साइट मिळाली, गदग बाजूला स्टीलच्या गॅस लाइनचं काम, एका छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरकडं, १६ हजार आणि राहणं-खाणं. ओळख-बिळख नव्हती, फोन करून करून मिळाली, एकसष्ट ठिकाणी मेल टाकलेले. लोकांना वाटतं ऑइल अँड गॅस म्हणजे मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर. मोठी कंपनी काम देते कॉन्ट्रॅक्टरला, कॉन्ट्रॅक्टर देतो सबकॉन्ट्रॅक्टरला, आणि बहुतेक इंजिनिअर शिरतात त्या तिसऱ्या पायरीवरनं. तिथं पगार उशिरा येतो, पीएफ नीट भरला जातोय का ते स्वतः बघावं लागतं, खोलीत सहा जण. पण पाइप तिथंच असतो.

तिथं जे शिकलो ते जरा सविस्तर सांगतो कारण हेच खरं शिक्षण. पाइप येतो वरनं काळ्या प्लास्टिकच्या कोटिंगचा, टोकं उघडी. दोन टोकं समोरासमोर क्लॅम्पनं धरायची, मध्ये ठराविक फट, मग वेल्डचा पहिला थर रूट, त्यावर हॉट पास, मग फिलिंग, शेवटी कॅप. रूट चुकला की वर कितीही सुंदर कॅप मारा, जॉइंट कटणारच. जॉइंट झाला की रात्री रेडिओग्राफी, दोरी बांधून सगळ्यांना लांब काढायचं, इरिडियम १९२ चा सोर्स बाहेर काढला की कुणी जवळ नको, छातीला किती किरणं लागली ते मोजणारा टीएलडी बॅज. मग पहाटेपर्यंत फिल्म धुऊन व्हायच्या आणि सकाळी अंधाऱ्या कंटेनरमध्ये व्ह्यूअरच्या उजेडावर एकेक वाचायची.

आमचे सीनियर केरळचे, तीस वर्षं गल्फमध्ये काढलेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर फिल्म ठेवली, काय दिसतंय. मी म्हटलं सर रूटला बारीक रेघ आहे, लॅक ऑफ पेनिट्रेशन, म्हणजे वेल्ड तळापर्यंत पोचलं नाही, रिजेक्ट. ते काही बोलले नाहीत, फिल्म व्ह्यूअरवरनं उचलली, टॉर्च तिरकी मारली आणि माझ्या डोळ्यासमोर हळू कलवली. ती रेघ चमकली. फिल्मच्या वरचा ओरखडा होता, धुताना नखाचा लागलेला, स्टीलमध्ये काहीच नव्हतं. म्हणाले, तू आता एक चांगला जॉइंट कापायला निघालेलास, आणि त्या वेल्डरची पोरं आहेत. मला ते अजून ऐकू येतं. त्यानंतर मी एकही फिल्म टॉर्च तिरकी मारल्याशिवाय वाचली नाही.

चौथ्या का पाचव्या आठवड्यात उलटं झालं. एका फिल्मवर गोल काळे ठिपके पुंजक्यानं होते, दुसऱ्यानं पास म्हणून बाजूला ठेवलेली, मी म्हटलं ही पोरॉसिटी आहे, मोजून बघू. हे ठिपके मी उद्यमबागेत कापलेल्या कास्टिंगमध्ये प्रत्यक्ष डोळ्यानं बघितले होते, ओलावा राहिला की गॅस अडकून असेच होतात. मोजलं, पाइपलाइन वेल्डिंगचं मानक एपीआय ११०४, त्याच्या मर्यादेबाहेर निघालं. वेल्डिंगचे रॉड ओव्हनमध्ये नीट वाळवलेलेच नव्हते. सरांनी त्या दिवसापासून मला पोर्टेबल ओव्हनची जबाबदारी दिली आणि पुढच्या महिन्यात पगार २ हजारांनी वाढवून दिला. म्हणून आपल्याकडं फाउंड्रीत, मशिनिंगमध्ये असलेल्या पोरांना सांगतो, ते काम कमी समजू नका, बायोडाटात दोन ओळींत उरकू नका, कुठला दोष कसा ओळखलात ते लिहा.

आणखी एक आपली जमेची बाजू म्हणजे भाषा. लाइन शेतातनं जाते, शेतकरी येऊन काम अडवतात, भरपाई आली नाही, बांध मोडला, पाट बुजला. आमच्या कॅम्पात मला सोडून कुणालाच कन्नड येत नव्हतं. मी जाऊन बांधावर बसायचो, मामाच्या रानाचं सांगायचो, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचो आणि साहेबांकडं नेऊन खरंच पाठपुरावा करायचो. मराठी घरात, कन्नड बाजारात, हिंदी साइटवर, इंग्लिश रिपोर्टात, आपल्या सीमाभागातल्या पोराला हे चार सहज जमतं आणि साइटवर त्याची किंमत आहे.

मग मंगळूरला रिफायनरीत शटडाउनची कामं दोनदा केली. शटडाउन म्हणजे प्लांट काही आठवडे बंद ठेवून सगळं उघडून तपासायचं. बारा-बारा तास, पण फ्रेशरला आत शिरायची ही सगळ्यात सोपी वाट, एकदम शेकडो माणसं लागतात.

२०२२ च्या सप्टेंबरात ऑफशोअरचा, म्हणजे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच्या कामाचा, चान्स आला. मुंबई हाय. १९७४ ला सागर सम्राट या ड्रिलिंग रिगनं जिथं तेल शोधलं तेच, मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किलोमीटर. आई पहिल्यांदा सरळ नको म्हणाली, कारण आदल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळात बार्ज पी-३०५ बुडालेलं, सत्तरच्या वर माणसं गेलेली, ते तिनं टीव्हीवर बघितलेलं. तिला मी खोटं सांगितलं नाही. सांगितलं की धोका आहे, म्हणूनच आधी ट्रेनिंग देतात, आणि काम मुख्यतः पावसाळा सोडून असतं, आणि वादळाचा इशारा आला की परत यायचं म्हणायला मी घाबरणार नाही. आप्पा तिला एवढंच म्हणाले, त्याला विहिरीत पोहायला मीच शिकवलंय.

ते ट्रेनिंग म्हणजे ह्यूएट, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं. नवी मुंबईजवळ टँकवर केलं. हेलिकॉप्टरसारखा पिंजरा, सीटवर पट्टे आवळून बसायचं, पिंजरा पाण्यात उतरतो आणि उलटा होतो. डोकं खाली, नाकात पाणी, वर कुठं खाली कुठं कळत नाही. एक हात खिडकीच्या कडेला धरून ठेवायचा, तो काही झालं तरी सोडायचा नाही, कारण बाहेरची वाट फक्त त्या हाताला माहीत असते. पिंजरा पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, आधी सोडला तर शरीर तरंगून भलतीकडं जातं. माझ्या शेजारचा पोरगा घाईत पट्टा सोडून बसला, डायव्हरनं ओढून काढला. मला लहानपणी आप्पांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं आणि म्हणालेले, आधी गप हो, मग हातपाय मार. तेच कामाला आलं. पोहता येणं सक्तीचं नसतं म्हणतात, खरं शिकून घ्या, गावात विहीर आहेच. आणि आता बेळगावकरांना सोयीचं झालंय, २०२४ ला गोव्यात बेतूलला ओएनजीसीचं सी सर्व्हायव्हल सेंटर चालू झालंय, चोर्ला घाट उतरला की आपण तिकडंच.

जुहूवरनं हेलिकॉप्टर. चढायच्या आधी तुमचंही वजन करतात आणि बॅगेचंही, कुंद्याच्या मिठाईचा डबा मी हातात धरून ठेवलेला, तोही काट्यावर ठेवला. प्लॅटफॉर्मवर माझं काम पाइपची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजायची, खारं पाणी कुठं लोखंड खातंय ते शोधायचं. काही भागात गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास यायचा बंद होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजणारा माणूस तिथं मरतो. म्हणून खिशाला डिटेक्टर, आणि १० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग, तो वाजला की हातातलं टाकून निघायचं. तिथल्या प्रॉडक्शन टीममध्ये एक ताई होत्या, शिफ्ट इनचार्ज, म्हणून पोरींनी हे आपल्यासाठी नाही असं धरू नये, गावातल्या मावशांनी काही म्हटलं तरी.

कागदपत्रांचं आता सांगतो, कारण अर्धी पोरं इथं अडकतात. आपल्या दहावीच्या मार्क कार्डवर नाव एका क्रमानं, डिग्रीवर वडिलांचं नुसतं इनिशियल, आधारवर तिसरंच. माझा पासपोर्ट यापायी हुबळीहून एकदा परत आला. जन्माच्या दाखल्यावर बेलगाम आणि बाकी सगळीकडं बेळगावी, कारण नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, ते एजंटला समजावताना नाकी नऊ आले. शिकत असतानाच सगळी नावं सारखी करून घ्या. व्हीटीयू आपल्या दारात मच्छेला आहे, ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या सेमच्या मार्कांच्या अधिकृत कागदाला, बाकीचे जिल्हे पालथे घालून येतात, आपण सकाळी जाऊन येऊ शकतो, म्हणून लांबणीवर टाकू नका.

आणि गल्फ. माझ्या बॅचच्या एकानं एजंटला दीड लाख दिले, व्हिसा आला तो हेल्परचा. पैसे द्यायच्या आधी सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर त्या एजंटचा परवाना आहे का आणि चालू आहे का ते बघा. रजिस्टर्ड एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, पावती द्यावी लागते. जो रोख मागतो, पावती नको म्हणतो, त्याच्या ऑफिसातनं उठा. ऑफर लेटरवरचं पद आणि व्हिसावरचं पद जुळतंय का ते विमानात बसायच्या आधी तपासा, तिथं पोचल्यावर काही करता येत नाही.

सध्या माझा हिशेब असा, चार आठवडे पाण्यात, दोन आठवडे घरी, पावसाळ्यात किनाऱ्यावर वर्कशॉपची कामं. सोसायटीचं कर्ज गेल्या दिवाळीत फिटलं. आता एपीआय ५७० चा अभ्यास चालू आहे, प्लॅटफॉर्मवर रात्री जेवल्यावर दीड तास.

या सुट्टीत मामाकडं गेलो होतो. लाइनीवरच्या पट्ट्यात लावण नुकतीच झालेली, कडेला पिवळा मार्कर. मामांनी विचारलं, एवढी वर्षं झाली, आत गंजत नसेल काय रे? मी त्यांना बांधावर बसून सांगितलं की मातीतल्या लोखंडाला बारीक करंट देऊन ठेवतात, म्हणून गंज धरत नाही, आणि मधून मधून गॅसच्याच दाबानं आत एक यंत्र सोडतात, पिग म्हणतात त्याला, ते आतनं भिंत साफ करत आणि मोजत पुढच्या स्टेशनला निघतं. मामा बराच वेळ सरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे कुणीतरी बघतंय म्हण की. मी हो म्हटलं. २२ तारखेला रात्रीच्या बसनं मुंबई, २३ ला जुहू.